पहिला ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम तुम्ही कसा निवडलात?

भाचा विचारतोय, "मावशी, हजारो लोक एकत्र खेळतात तसला गेम सुरू करायचाय. कुठला घेऊ?" मला 'गिल्ड वॉर्स २' मनापासून आवडतो. २०१२ मध्ये आला तेव्हा कमाल लेव्हल, म्हणजे आपल्या पात्राची सगळ्यात वरची पायरी, ८० होती, आजही ८०च आहे. बाळंतपणानंतर दीड वर्ष मी लॉगिनच केलं नव्हतं. परत आले तर जुनं चिलखत तितकंच कामाचं! महिन्याची वर्गणी नाही, मूळ गेम २०१५ पासून फुकट. पण भाच्याचं वय वेगळं, वेळ वेगळा. सगळ्यात भारी कुठला ते नका सांगू. कशावरून ठरवलंत आणि पुढे काय झालं ते लिहा.

नाशिकहून

'फायनल फँटसी १४'. मला कथा हवी होती, आणि अनोळखी लोकांची धास्ती होती. मी आले तेव्हा लेव्हल ६० पर्यंत फुकट होतं. २०२३ मध्ये ते ७० झालं, मुदत काही नाही. नवख्याच्या नावाशेजारी हिरवा कोंब दिसतो. पहिल्या गुहेत आम्ही चौघं, आणि जखमा भरण्याचं काम माझ्याकडे. हात घामेजलेले. मी टाइप केलं, "पहिलीच वेळ आहे." पुढचा ढालवाला जागीच थांबला. प्रत्येक दारापाशी माझी वाट बघायचा, मग पुढे जायचा. त्या माणसामुळे मी टिकले, ताई. भाच्याला एक सांगा: एकदा विकत घेतलं की त्याच खात्यावर फुकट चाचणीत परत जाता येत नाही. घाई नको.

पुण्याहून, नाइट शिफ्टवाला

मी 'ईव्ह ऑनलाइन' घेतला, अवकाशातला. लढाई, व्यापार, दगाफटका, सगळं माणसंच करतात, आणि फुटलेलं जहाज परत मिळत नाही. दुसऱ्या महिन्यात होतं नव्हतं ते सामान एकाच मालवाहू जहाजात भरून निघालो. दोन मिनिटांत राख. त्या रात्री झोप लागली नाही. तरी सोडला नाही, कारण इतकं खरं मला दुसरीकडे कुठे वाटलं नाही. सर्व्हर रोज आपल्या दुपारी साडेचारला थोडा वेळ बंद होतो. मी नेमका तेव्हाच उठतो. आधी चहा होतो.

लातूरहून

माझ्याकडे फक्त फोन होता. 'ओल्ड स्कूल रूनस्केप' २०१८ पासून फोनवर आहे, आणि तेच खातं कॉम्प्युटरवरही चालतं. २००७ सालच्या प्रतीवर उभा केलेला गेम, चित्रं साधी. त्यातली प्रत्येक हालचाल ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर होते, म्हणून आमच्याकडच्या रेंजवरही फार अडत नाही. एसटीत बसून झाडं तोडायची, मासे धरायचे. मध्येच नेट गेलं तर झाड कुठे पळून जात नाही.

ठाण्याहून

नाव घेत नाही, पण फोनवरच्या एका गेममध्ये धाकट्या भावाने यूपीआयवरून, आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या पेट्या उघडायला कॉलेजच्या फीमधले पैसे घातले. आईला कळलं तो दिवस घरात कोणी जेवलं नाही. तेव्हापासून मी गेम बघताना आधी त्याच्या आतलं दुकान उघडून बघतो. तिथे ताकद विकायला ठेवली असेल तर डाउनलोडच करत नाही.

मावशी पुन्हा

दादा, हे भाच्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं. आज सकाळी त्याने दुकानं तपासली. सध्या लातूरकरांच्या गेममध्ये ओकची झाडं तोडतोय, आणि होस्टेलला जाणारे दोन मित्र कुठला घेतायत याची वाट बघतोय. तिघांनी मिळून खेळलेलं कोणी असेल तर लिहा.