आई गावाकडून आली की मला किचन बंद, बायको वैतागली, काय करावं?

वाळूज_शिफ्टवाला
नमस्कार मंडळी, जरा लांब आहे पण वाचा. मी परभणी जिल्ह्यातला, सध्या छत्रपती संभाजीनगरला, वाळूज एमआयडीसीत शिफ्टमध्ये. बायको लॅब टेक्निशियन. बघायच्या कार्यक्रमातच तिनं क्लियर सांगितलं होतं की घरकाम दोघांचं, मी हो म्हणलो आणि पाळतोय पण, सकाळची कणीक माझी, भांडी माझी, ज्वारीच्या भाकरी पण आता फुगायल्यात (कडा फाटतात, असो). प्रॉब्लेम हा की तुरीची रास झाली की आई आमच्याकडं राहायला येते आणि आल्या दिवशीच माझ्या हातातली परात काढून घेते, "बाप्या माणसानं पीठ मळावं का" म्हणून. बायकोला डायरेक्ट काही बोलत नाही, पण शेजारच्या काकूला ऐकू जाईल असं बोलते. मग शांतता राहावी म्हणून मी टीव्हीपुढं जाऊन बसतो. बायको म्हणते आई असली की तू नवरा नसतोस, पाहुणा असतोस. आई वाईट नाही हो, जन्मभर शेतात राबलीय. कुणी निभावलंय का असं? स्त्रीवादावर भाषण नको प्लीज.

लातूरची_मावशी
आई आली की तुमची भांडी कुणाकडं जातात ते लिहिलंच नाही की. आणि आई तुम्हाला बोलायली ना, मग उत्तर तुम्हीच द्यायचं, बायकोला मधी ओढू नका.
आमच्या भावानं वादच घातला नाही. आईला खुर्ची टाकून किचनमधीच बसवलं आणि विचारत राहिला, पाणी किती कढत पाहिजे, पिठाची विरी (चिकटपणा) गेली तर काय करू, भाकरी थापताना हाताला का चिकटायली. दोन दिवस आई कुरकुरली, मग "आरं असं नाही, तळहातानं रेट" सुरू झालं. आता पाहुण्यांना सांगते की पोराला मीच शिकवलं. सगळ्यांच्या आईला चालेल असं नाही, पण करून बघा.

कोरडवाहू
शहरातले लाड आहेत हे सगळे. इकडं सहा एकरवाल्या पोराला पोरगी मिळंना, पस्तिशी आली. पोरीच्या बापाला जावई नोकरीवाला पाहिजे, पुण्यात फ्लॅट पाहिजे, वरून गावाकडं पाच एकर पण पाहिजे, मात्र पोरगी शेतात पाय ठेवणार नाही. तवा कुठं जाते समानता? कमवायचं पुरुषानं आणि भांडी मात्र अर्धी अर्धी. डोकं फिरतं राव.

फडावरची_लेक
कोरडवाहू दादा, पोरगी मिळंना हे खरंच आहे, आमच्या गावात पण तेच. पण शेतकरी नको म्हणणारीनं स्वतःच्या आईला बघितलेलं असतं.
मी बीडची, आईबाप ऊसतोडीला जायचे. टोळीत नवरा बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, टोळीचा मुकादम बापाच्या हातात द्यायचा. आई पहाटे भाकरी उरकून फडात, बाप तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायची, खोपीवर आल्यावर बाप आडवा आणि आई घागर घेऊन पाण्याला. मग कमवायचं पुरुषानं, हे कुणाच्या घरचं सांगायलात? 2019 ला ऊसतोडीच्या बायांचं गर्भाशय काढायचं प्रकरण गाजलं तेव्हा सगळे टीव्हीवाले बीडला आले, पण खाडा पडला की पैसे कापतात म्हणून पाळीत पण फडात उभं राहायचं, हे बायांना काय नवीन नव्हतं.

सातबारा_बघा
वाळूजवाले, मला किचनपेक्षा तुमचं ते "जन्मभर शेतात राबलीय" खटकलं. सातबाऱ्यावर आईचं नाव आहे का? लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्यानं स्वतःहून तलाठ्याकडं अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम गावोगाव चालवला होता, आता नवीन पिढीला नाव पण माहीत नाही. आणि बहीण असंल तर तिचं हक्कसोडपत्र घेऊन बसू नका. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत पोरीचा वाटा पोराइतकाच आहे, तरी साडीचोळी करून सही घ्यायचा धंदा चालूच आहे.

वाळूज_शिफ्टवाला
मावशी, भांडी बायकोकडंच जातात. परवा आई यायलीय, खुर्चीचं करून बघतो. सातबाऱ्याचं दादांना फोनवर विचारलं तर "सगळं तिचंच आहे, नाव कशाला पाहिजे" म्हणले आणि कापसाच्या भावावर गेले. बायको बाजूला बसून वाचायली, म्हणते भाकरीचा क्लास नंतर, आधी भांडी.

कोरडवाहू
बीडच्या ताई, सगळं पटलं नाही पण टोळीचं बरोबर बोललात. ते लक्ष्मी मुक्तीला कागदं काय लागतेत? आमच्या अण्णाला विचारून बघावं म्हणतो.

सातबारा_बघा
सातबारा, 8अ (खात्याचा उतारा), दोघांचे आधार आणि अण्णांचा सहीचा अर्ज न्या, अजून काही लागलं तर तलाठी सांगंल. फेरफार (नाव बदलाची नोंद) धरला की नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस थांबायचं, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. जमिनीवर सोसायटीच्या कर्जाचा बोजा असंल तर आधीच सांगून ठेवा. आणि अर्ज दिल्याची पोच घ्या, नाहीतर बसताल चकरा मारत.