टर्बो रेसकार : एक्झॉस्टची उष्णता आधी आवरावी की इंटरकूलर मोठा करावा?

चौथा गिअर (प्रश्न)

आमची गाडी बंद सर्किटवरच्या शर्यतींसाठी बांधलेली आहे. दोन लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, वातावरणापेक्षा १ बार जास्त बूस्ट (इंजिनात भरलेल्या हवेचा दाब), रेडिएटरच्या पुढे बसवलेला हवेने थंड होणारा इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा भाग) आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन व केबिन यांमधल्या पत्र्याच्या, बाजूला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतून निघणारा एक्झॉस्ट गोळा करणारे पाइप) व टर्बो (एक्झॉस्टने टर्बाइन फिरवून त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने हवा दाबणारा), अशी मांडणी आहे. बाहेर ३२ अंश सेल्सिअस असताना सुरुवातीच्या फेऱ्यांत इनटेक हवेचे तापमान ४८ अंशांच्या आसपास राहते. पुढे ते चढत जाऊन ७० अंशांवर स्थिरावते, ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि सरळ पट्ट्यावर गाडीची ओढ कमी झाल्याचे स्पष्ट जाणवते. संघातील काहींच्या मते इंटरकूलरचा कोअर (हवा थंड करणारा मुख्य गाभा) मोठा घ्यावा, तर काहींच्या मते मॅनिफोल्डपासून डाउनपाइपपर्यंत (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) सर्वत्र हीट रॅप (उष्णतारोधक पट्टी) गुंडाळावा आणि बॉनेटची मागची कड वॉशर लावून उचलावी. खर्च करण्यापूर्वी यांपैकी काय आधी करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मापपट्टी

आपण ज्यांना दोन प्रश्न समजत आहात तो मुळात एकच प्रश्न आहे. इनटेक हवा तापली की ईसीयू इग्निशन मागे घेतो, ज्वलन उशिरा संपते, वायूच्या प्रसरणातून कमी काम मिळते आणि उरलेली उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. मग मॅनिफोल्ड अधिक तापतो, बॉनेटखालची हवा तापते आणि तीच हवा कॉम्प्रेसर ओढत असेल तर चक्र पुन्हा वरून सुरू होते. त्यामुळे कोअर मागवण्याआधी चार ठिकाणचे तापमान नोंदवावे : कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, कॉम्प्रेसरनंतर, इंटरकूलरनंतर आणि इंटरकूलरसमोर बाहेरच्या हवेत. के प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारे तारेचे सेन्सर) आणि साधा डेटा लॉगर यासाठी पुरेसे आहेत. कोअरच्या दोन्ही टोकांचा दाबही मोजावा, कारण कोअरमध्येच जास्त दाब पडत असेल तर तोच बूस्ट राखण्यासाठी टर्बोला अधिक श्रम करावे लागतात आणि हवा आणखी तापते.

आणखी एक शंका आधीच फेडून घ्यावी. गाडीतला इनटेक तापमानाचा सेन्सर धातूच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसवलेला असेल, तर तो हवेबरोबर त्या धातूचेही तापमान दाखवतो. तो उघड्या टोकाचा, जलद प्रतिसाद देणारा असावा आणि थ्रॉटलच्या अलीकडच्या पाइपमध्ये असावा.

धुराडे

एक्झॉस्टच्या बाजूबद्दल लिहितो. पूर्ण भारावर पेट्रोल टर्बो इंजिनाचा एक्झॉस्ट वायू ८५० ते ९५० अंशांपर्यंत सहज जातो आणि तापलेल्या पृष्ठभागाचे प्रारण (त्यातून बाहेर पडणारी उष्णता) निरपेक्ष (केल्विन) तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. म्हणजे ६०० अंशांचा पृष्ठभाग ३०० अंशांच्या पृष्ठभागाच्या पाचपटींहून अधिक उष्णता फेकतो. बाहेरचा पृष्ठभाग थोडा जरी निवला तरी बॉनेटखाली मोठा फरक पडतो, तो यामुळेच.

मात्र सरसकट रॅप गुंडाळण्याच्या मी विरोधात आहे. रॅपखालचा धातू अधिक तापतो. साध्या पोलादावर खपल्या धरतात, पातळ स्टेनलेसच्या पाइपवर वेल्डिंगलगत तडे जातात, आणि तेल गळून रॅप भिजला तर आग लागण्याचा धोका वेगळाच. मॅनिफोल्डला सिरॅमिक कोटिंग, त्याच्यावर बोटभर हवेची फट ठेवून बसवलेले पातळ पत्र्याचे हीट शील्ड आणि टर्बाइन हाउसिंगवर (टर्बाइनच्या कवचावर) उष्णतारोधक ब्लँकेट, हा माझा क्रम राहील. ब्लँकेट फक्त टर्बाइन हाउसिंगवर असावे. बेअरिंगचा मधला भाग झाकल्यास तेथील तेल जळून कोळसा होतो. रॅप वापरायचाच तर डाउनपाइपवर वापरावा, तेथे तो तुलनेने कमी त्रास देतो.

उष्णता एक्झॉस्टमध्येच राखल्याने टर्बाइनला अधिक ऊर्जा मिळते हे खरे, पण मग एक्झॉस्ट वायूच्या तापमानावर नजर हवीच. बऱ्याच सर्वसामान्य टर्बोंसाठी ९५० अंशांच्या आसपासची मर्यादा धरून चालावे.

उलटा वारा

बॉनेटची मागची कड उचलू नका. विंडस्क्रीनच्या पायथ्याशी हवा अडून दाब वाढतो, त्यामुळे वेगात असताना त्या फटीतून गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवा आत घुसते आणि रेडिएटरमागचा दाब वाढून इंटरकूलरमधून जाणारा प्रवाहच मंदावतो. व्हेंट (गरम हवा बाहेर सोडणारी छिद्रे) बॉनेटच्या पुढच्या भागात, जेथे पृष्ठभागावरचा दाब कमी असतो तेथे, रेडिएटरच्या लगेच मागे असावेत.

कोअर मोठा घेण्यापूर्वी आहे त्या कोअरमधून हवा खरोखर जाते का, हे पाहावे. पाण्याप्रमाणेच हवाही सोपी वाट धरते. बंपर आणि कोअर यांच्यात चार बोटे जागा मोकळी असेल तर बरीचशी हवा कोअरच्या पातळ पट्ट्यांमधून न जाता कडेने निसटते. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा डक्ट करून कडा फोमने बंद कराव्यात. डक्टचे तोंड कोअरपेक्षा लहान असले तरी चालते, किंबहुना असावेच; आत तो हळूहळू रुंदावत गेला की हवेचा वेग कमी होऊन दाब वाढतो आणि तोच दाब तिला कोअरमधून ढकलतो. इंटरकूलर व रेडिएटर यांच्यामधली फटही बंद करायला विसरू नये.

चौथा गिअर

सर्वांचे आभार. सराव सत्रात मोजमाप केले. गाडी तापल्यावर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ५५ अंश, कॉम्प्रेसरनंतर १५८ अंश आणि इंटरकूलरनंतर ७० अंश मिळाले. बाहेर ३२ अंशच होते. कोअरमधला दाबाचा फरक ०.१ बारच्या आत आहे. एअर फिल्टर टर्बोलगत उघडाच आहे. संघातून आता पाण्याने थंड होणाऱ्या इंटरकूलरचाही प्रस्ताव आला आहे.

मापपट्टी

हे आकडे आपल्या कोअरची बाजू घेतात. कॉम्प्रेसरनंतरची हवा व बाहेरची हवा यांतील १२६ अंशांच्या फरकापैकी ८८ अंश तो काढून टाकतो, म्हणजे सुमारे ७० टक्के. आता फिल्टरला पेटीत बंद करून बाहेरची ३२ अंशांची हवा दिली, तर दाबाचे गुणोत्तर २ आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरून कॉम्प्रेसरनंतर सुमारे १२७ अंश येतील आणि याच कोअरनंतर ६० अंशांच्या आसपास. एकही नवा भाग मोठा न करता दहा अंश, म्हणजे तेवढ्याच दाबाला सुमारे ३ टक्के अधिक घन हवा, शिवाय इग्निशन पुढे नेण्याची मुभा. कॉम्प्रेसरला टर्बाइनच्या उष्णतेपासून दूर ठेवण्याला मोल आहे, हे २०१४ च्या मर्सिडीज फॉर्म्युला वन इंजिनातही दिसते. तेथे कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढे, टर्बाइन मागे आणि दोहोंना जोडणारा लांब शाफ्ट अशी रचना होती.

पाण्याचा इंटरकूलर सध्या टाळावा. पाणी उष्णता छान साठवते, म्हणून काही सेकंदांच्या ड्रॅग शर्यतीत बर्फ घातलेल्या टाकीसह तो उत्तम ठरतो. लांब शर्यतीत मात्र ती सारी उष्णता शेवटी पुढच्या छोट्या रेडिएटरमधून हवेतच टाकावी लागते, आणि पंप, होज, पाणी यांचे वजन तेवढे वाढते.

धुराडे

सहमत आहे. फिल्टरची पेटी आणि शील्ड एकाच वेळी करावे, कारण पेटी टर्बोशेजारीच येणार असल्याने तिच्या पत्र्यालाही प्रारणाची झळ बसेल; त्या बाजूला परावर्तक फॉइल लावावे. सत्र संपल्यावर एक फेरी बूस्टशिवाय काढूनच पिटमध्ये यावे आणि लगेच बॉनेट उघडावे. पुढच्या सत्राआधी शील्डचे बोल्ट तपासावेत, ते कंपनाने हमखास सैल होतात.