मदत हवी आहे: बारावीला पुरवठ्याचा नियम शिकवताना सोयाबीन आडवं येतंय

नमस्कार मंडळी,

लातूर जिल्ह्यात गावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. एम.ए. अर्थशास्त्रातच केलं, पण आमच्या बी.एड. कॉलेजात अर्थशास्त्राची अध्यापन पद्धतीच नव्हती. मग मराठी आणि इतिहास घेतले. सूक्ष्म पाठ झाले, आंतरवासिता झाली, टाचणं लिहून बोटं दुखली. पण मागणी-पुरवठ्याचा एकही पाठ कुणाच्या देखरेखीखाली घेतला नाही. विषय येतो हो, पोरांच्या गळी कसा उतरवायचा ते कुणी दाखवलं नाही.

आता अडचण. इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की पुरवठा वाढतो, असं सांगून फळ्यावर वर चढणारा वक्र काढला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, दिवाळीला मोंढ्यात आवक वाढली की सोयाबीन पडतंय. मग हे उलटं काहून?" वर्ग हसला, पण पोरगं खरंच बोलत होतं. बाप आडतीवर माल घालतो, याला रोजचा भाव तोंडपाठ. मी पुस्तकातलं 'विचलन' (फक्त किंमतीमुळे त्याच वक्रावर वर-खाली सरकणं) आणि 'बदल' (इतर कारणांनी अख्खा वक्रच सरकणं) समजावलं. चेहरे कोरेच. वर दुसऱ्यानं विचारलं, २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, तरी बाजारात त्याच्या खाली का गेलं?

बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत चालेल आणि मोंढ्यातही पटेल असं कसं शिकवू? जुन्या शिक्षकांनी कृपया सांगावं.

उत्तर (निवृत्त शिक्षक, परभणी):
ताई, वक्र नंतर काढा. त्याच प्रकरणात 'साठा' (विक्रेत्याकडे असलेला एकूण माल) आणि 'पुरवठा' (त्यातला ठरावीक भावाला विकायला काढलेला माल) यांतला फरक आहे, आपण तो घाईत उरकतो. तिथून सुरू करा. विचारा, कुणाच्या घरी अजून सोयाबीनची पोती पडून आहेत? का विकली नाहीत? "भाव नाही." झाला की पुरवठ्याचा नियम, पोरांच्याच तोंडून!

दिवाळीची आवक भाव चढला म्हणून येत नाही. रास झालेली असते, उधारी फेडायची असते, रब्बीला पैसा लागतो. म्हणजे त्याच भावाला जास्त माल, अख्खा वक्र उजवीकडे. आणि मागणीची रेषा त्याच आकृतीत काढल्याशिवाय भाव पडलेला दिसणारच नाही. बहुतेक जण नुसता पुरवठ्याचा वक्र काढून थांबतात.

हमीभाव सरकारी खरेदी केंद्रावरचा. तिथं नोंदणी लागते, माल निकषात बसावा लागतो. सोयाबीनला ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. नड असलेला माणूस तोवर थांबत नाही, आडतीवर घालून मोकळा होतो.

धागाकर्ती:
सर, उद्याच साठ्यापासून घेते. एकच शंका: मागणीची रेषा आणली की पोरं लगेच समतोल किंमत (जिथं मागणी आणि पुरवठा सारखे होतात ती) विचारणार. ती तेव्हाच सांगून टाकू, की बाजाराच्या प्रकरणापर्यंत थांबू?