मदत हवी आहे: वनस्पतींच्या स्थलांतरावरील कापडी मांडणीचा रंग कसा टिकवावा?

सप्रेम नमस्कार. मारिया थेरेझा आल्वेस या कलावतीने जहाजांचा तोल राखण्यासाठी भरलेल्या आणि पुढे बंदरात ओतून दिलेल्या मातीतील बिया रुजवण्याचे काम १९९९ मध्ये सुरू केले. ते वाचल्यापासून अन्न आणि रंग यांच्या प्रवासावर एक कापडी मांडणी करावी, असे मनात घोळत होते. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा आणि मकाही तिथलाच, म्हणून झेंडूने रंगवलेल्या सुती कापडावर मक्याच्या कणसाची सुकी आवरणे टाचत आहे.

रंग पक्का बसावा म्हणून कापड आधी हिरड्यात आणि मग तुरटीत भिजवले होते. तरीही खिडकीकडची बाजू फिकट पडली असून घडीच्या आतली पट्टी मात्र अजून गर्द पिवळी आहे. हिराकस (लोहाचा क्षार) घातल्यास रंग शेवाळी होतो, शिवाय सूत कमकुवत होते, म्हणून तो मार्ग नको आहे. (हळदीचे नाव काढू नये, ती उजेडात याहून लवकर उडते.)

पिवळेपणा न घालवता रंग अधिक टिकवण्याचा अनुभव कोणाला आहे का? तसेच, टाक्याच्या छिद्रापाशी चिरणारी आवरणे ओली असतानाच शिवावीत काय?