शाळेतलं सरस्वतीपूजन: हौस, संस्कार की सक्ती?

शेवंती

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन असतं हे इथे कुणाला नवीन नाही. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती, त्यावर हळदकुंकू, झेंडूचं फूल, कडेला आपट्याची पानं, आणि अभ्यासाला रजा. मलाही ते फार आवडायचं.

यंदा मुलीच्या शाळेतून (मराठी माध्यम, अनुदानित, नाव नको) निरोप आला: 'पारंपरिक वेशभूषा. आरती होईल. उपस्थिती अनिवार्य.' पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका आईनं साधं विचारलं, की आमच्याकडे मूर्तिपूजा नसते, आरतीपुरता मुलगा वर्गात बसला तर चालेल का? झालं! रात्री अकरापर्यंत मेसेज वाजत होते. 'मग मदरशात घाला' इथपर्यंत मजल गेली. त्या आईनं ग्रुप सोडला. (त्या ख्रिश्चन आहेत. मदरसावाल्यांना तेवढंही माहीत नव्हतं.)

कुणी काही लिहिण्याआधी एक गोष्ट सांगते. घटनेचं कलम २८ आहे. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा सरकारमान्य शाळेत देता येतं, पण तिथल्या धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत मुलाला भाग घ्यायला लावायचं तर पालकाची संमती लागते. म्हणजे आधी विचारायला हवं. शाळेनं आरती ठरवायची आणि ज्याला नको त्यानं चारचौघांत हात वर करायचा, ही संमती नव्हे. प्रवेश अर्जात जात, पोटजात, रक्तगट, आधार क्रमांक, सगळं विचारतात. पूजा-प्रार्थनेबद्दलचा रकाना मी तरी कुठे पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलाय?

धर्म शाळेबाहेर काढा असं मी म्हणतच नाहीये. ज्ञानोबा-तुकोबांना वगळून मराठी कशी शिकवणार? अरुणा रॉय खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून देणं घटनेच्या आड येत नाही. माझा प्रश्न हातात तबक देऊन ओवाळायला लावण्याबद्दल आहे. भांडा, पण मुद्द्यावर.

खंडेनवमी

हसावं की रडावं कळेना. शाळेच्या कुठल्या निरोपात 'अनिवार्य' नसतं? योगदिन अनिवार्य, वृक्षदिंडी अनिवार्य, स्नेहसंमेलनाचे पैसे तर अनिवार्यच अनिवार्य. ऑफिसातला क्लार्क जुना निरोप उचलून नवीन तारीख टाकतो आणि तुम्ही त्यातून राज्यघटना बाहेर काढता. कोण सक्ती करतंय?

मी स्वतः कॉन्व्हेंटचा. दहावीपर्यंत रोज सकाळी हात जोडून येशूची प्रार्थना म्हटली आणि संध्याकाळी आजीपुढे बसून शुभंकरोति. बाटलो नाही की बिघडलो नाही. माझ्या आईवडिलांनी कधी 'संमती' दिल्याचं आठवत नाही, त्यांना फक्त पोराचं इंग्रजी सुधारायला हवं होतं.

आणि तुमचा न्याय लावायचाच तर मग पोलीस ठाण्यातला गणपती, सरकारी पुलाचं भूमिपूजन, एसटीच्या काचेमागची तसबीर, प्रक्षेपणाआधी तिरुपतीला जाणारे इस्रोवाले, सगळ्यांवर गदा येईल. २०१७ च्या जानेवारीत सरकारी कचेऱ्या आणि शाळांतून देवादिकांचे फोटो काढा असं परिपत्रक निघालं होतं. असा गदारोळ झाला की काही दिवसांत सरकारनं ते गुपचूप मागे घेतलं. लोकांना काय हवं ते तेव्हाच कळलं.

शेवंती

लोकांना काय हवं यावर मूलभूत हक्क ठरत असते तर ते घटनेत लिहायची गरज नव्हती. आणि तुमच्याच कॉन्व्हेंटचं सांगा ना: ख्रिश्चन मुलं कॅटेकिझमच्या तासाला जायची तेव्हा तुम्ही कुठे बसायचात? मॉरल सायन्सला. म्हणजे धर्मशिक्षणाचा तास तिथे वेगळा होता आणि तुम्हाला त्यात कोंबलं नव्हतं. त्या आईनं याहून जास्त काय मागितलं?

जि.प. मास्तर

सोलापूर जिल्हा, वस्तीवरची शाळा, दोन शिक्षकी. आषाढीला आमची दिंडी निघते. खुर्चीला दोन बांबू बांधले की पालखी, बायांच्या जुन्या ओढण्यांच्या पताका, आणि टाळ देवळातून उसने. गेल्या खेपेला रुक्माई झाली ती तांबोळ्यांची पोर. तिच्या आजीनं स्वतः नऊवारी नेसवून, नथ घालून पाठवली. तिला वगळलं असतं तर ती आठवडाभर शाळेत आली नसती. आता आमची शाळा शंभर टक्के सरकारी. दिंडी हे धार्मिक शिक्षण धरायचं का, ते आमच्या केंद्रप्रमुखांना विचारा. ते टाळ घेऊन सगळ्यांच्या पुढे असतात.

शेवंतीताई, तुमचा हेतू चांगला आहे. पण ज्याला नको त्याला सवलत द्या, हे कागदावर सोपं. सगळी पोरं रांगेनं पटांगणात चालली आहेत आणि आठ वर्षांच्या एका पोराला 'तू इथेच बस' म्हणून सांगून बघा एकदा. ती सवलत नाही, शिक्षा आहे. दुसऱ्या दिवशी चाळीस पोरं त्याला विचारतात, तू का नव्हतास? त्याच्याकडे उत्तर नसतं. ते त्याच्या आईबापाकडे असतं.

नागपूरकर

मास्तर, शेवटचं वाक्य वाचून थांबलो. तो वर्गात बसलेला पोरगा मी नव्हतो. कारण आमच्या शाळेत बसायचीही सोय नव्हती.

इथल्या बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यातली तिसरी आहे गौरी-गणपती वगैरे देवतांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची. आमच्याकडे त्या प्रतिज्ञा समोरच्या खोलीत फ्रेम करून लावलेल्या आहेत. तुम्ही पाटी पुजता त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घरची सगळी मंडळी दीक्षाभूमीवर असतो.

आणि शाळेत? गणपती बसला की रोज एका वर्गाला आरतीचा मान. आमच्या वर्गाची पाळी आली की बाई म्हणायच्या, 'नुसतं उभं राहा रे, काय होतंय?' सातवीतल्या पोरानं त्यांना काय सांगायचं? माझ्या आजोबांनी शपथ घेतलीय म्हणून? त्या एका वाक्यात जात कळते, आणि मग पुढचं वर्षभर कळतच राहते. मी ओठ हलवायचो. प्रसादाचा पेढा घरी नेला की आई काही बोलायची नाही, फक्त घ्यायची नाही.

हे फक्त मुलांपुरतं नाही. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकांनी प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला, तर त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. 'कोण सक्ती करतंय?' असं विचारणाऱ्या खंडेनवमी यांच्यासाठी हे लिहिलं. आपण ज्यात मोठे झालो ते आपल्याला हवेसारखं वाटतं. दुसऱ्याला ते वजन होतं.

खवचट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. २०२२ मध्ये भुजबळांनी शाळेत सरस्वतीऐवजी सावित्रीबाई-जोतिबांचे फोटो लावा म्हटलं तेव्हाही असंच महिनाभर चाललं होतं. आमच्या शाळेनं मधला मार्ग काढला: दोन्ही फोटो, एकच हार. अर्धा-अर्धा.

लंडनची मावशी

वाचून गंमत वाटली, कारण मी इकडे नेमकी उलट्या बाजूला आहे. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांत रोजची सामूहिक उपासना कायद्यानंच सांगितलेली आहे, १९४४ पासून. १९८८ च्या कायद्यानं तर ती मुख्यतः ख्रिस्ती वळणाची असावी असंही लिहिलं. प्रत्यक्षात पुष्कळ शाळा दहा मिनिटं चांगलं वागण्याच्या गोष्टी सांगून मोकळ्या होतात. पण पालकाला आपलं मूल त्यातून काढून घेता येतं, आणि कारण सांगावं लागत नाही. मला यातला हा 'कारण सांगावं लागत नाही' भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. तुमच्या ग्रुपवरच्या बाईंना आधी घरातल्या मूर्तिपूजेचा विषय काढावा लागला, तिथेच त्या हरल्या.

माझा मुलगा नाताळच्या नाटकात मेंढपाळ झाला होता. डोक्याला स्वयंपाकघरातलं फडकं बांधून. व्हिडिओ पाहून पुण्याच्या आजीनं दृष्ट काढायला सांगितली. दिवाळीला शाळेनं मला रांगोळी काढायला आणि लक्ष्मीची गोष्ट सांगायला बोलावलं, तर एका आईनं त्या दिवशी मुलाला घरी ठेवलं. मला लागलं ते. अजून दिसली की मी जरा तुटकच बोलते, खरं सांगायचं तर. पण हक्क तिचा होता.

फोंडेकर

सगळे पालकांच्या हक्कावर बोलतायत, मग आमच्या गोव्याचंही ऐका. २०२३ च्या सप्टेंबरात दाबोळीच्या एका उच्च माध्यमिक शाळेची मुलं मशीद बघायला नेली होती. ओळख व्हावी म्हणून. मोर्चे, तक्रारी, आणि मुख्याध्यापक निलंबित. आता सांगा, दरवर्षी किती शाळांच्या सहली देवळात जातात? किती मुख्याध्यापक निलंबित होतात? जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये तर महाराष्ट्रातल्या शाळांच्या बसगाड्यांची रांग असते.

म्हणजे आपल्याकडे देवळात गेलं की सहल आणि मशिदीत गेलं की धर्मप्रसार. हा दुटप्पीपणा आधी काढा, मग कलम २८.

खंडेनवमी

दुटप्पीपणाच काढताय तर मग पूर्ण काढू. चेंबूरच्या कॉलेजनं २०२४ मध्ये हिजाब, बुरखा, टोपी, बॅज सगळंच बंद केलं. मुंबई उच्च न्यायालयानं कॉलेजचं म्हणणं उचलून धरलं, तर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिजाब-टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली आणि वर विचारलं की टिळा-टिकलीवर बंदी घालाल का? शेवंतीताई, त्या वेळी तुम्ही कुठल्या बाजूला होतात? शाळेत धर्म नको तर तो डोक्यावरही नको. आरती नको पण हिजाब हवा, हे चालणार नाही.

शेवंती

हिजाब घातलेली मुलगी शेजारच्या बाकावरच्या मुलीला काहीच करायला लावत नाही. आरती शाळा करते, सगळ्यांकडून करून घेते. मुलांनी अंगावर काय ल्यायचं आणि संस्थेनं मुलांकडून काय करवून घ्यायचं, हे मला दोन वेगळे प्रश्न वाटतात. तुमच्या मुलानं गंध लावून जावं, गळ्यात माळ घालावी. मी त्याच्याही बाजूनं ग्रुपवर भांडेन.

केरळचं उदाहरण बघा. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची, पण म्हणायची नाहीत. शाळेनं काढून टाकलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताबाबत जर मुलाला गप्प उभं राहायची मुभा आहे तर आरतीबाबत का नसावी?

तिसरी घंटा

मी शिक्षिका आहे, वीसेक वर्षं आठवी ते दहावीला शिकवतेय. ताई, तुमचं 'अंगावर काय ल्यायचं' मला इतकं सोपं दिसत नाही. शाळेची सक्ती फलकावर लिहिलेली असते म्हणून त्यावर इथे चर्चेचा धागा काढता येतो. घरची सक्ती कुठे लिहिलेली असते? माझ्या वर्गात एक मुलगी गेटच्या आत आली की स्कार्फ काढून दप्तरात ठेवायची आणि सुटताना बांधायची. दुसरी काढायची म्हटलं तर रडायची, कारण तिला तो खरंच हवा असायचा. आणि एकीला उपासानं चक्कर आली. घरच्यांनी श्रावणातले सगळे सोमवार धरायला लावले होते, आठवीत! कुणाचा धर्म स्वतःचा आणि कुणाचा बापाचा, हे मी वर्गाच्या दारात उभं राहून कसं ओळखू? कलम २८ सुद्धा संमती पालकाचीच विचारतं, मुलीची नाही.

म्हणून मला गणवेशाचा कडक नियमही पटत नाही आणि 'ज्याची त्याची मर्जी' हेही पटत नाही. तुम्ही दोघं फार ठाम आहात.

वकिलीण

ठाम तर न्यायालयही नाही. कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवायचं ठरलं. केंद्रीय विद्यालयांमधल्या 'असतो मा सद्गमय' या प्रार्थनेविरुद्धची याचिका २०१९ मध्ये घटनापीठाकडे पाठवली गेली. त्या वेळी सरकारी वकिलांचा युक्तिवाद असा, की सर्वोच्च न्यायालयाच्या बोधचिन्हावर 'यतो धर्मस्ततो जयः' आहे ते महाभारतातलं, मग तेही धार्मिक का? मुद्दा बिनतोड वाटतो, पण बोधचिन्हापुढे रोज सकाळी हात जोडून उभं राहायला कुणाला लावत नाहीत.

शेवंती, तुम्ही शाळेला लेखी द्या. तक्रार नको, सूचना म्हणून. प्रवेश अर्जात एक ओळ: प्रार्थना, पूजा, आरती यांत पाल्याच्या सहभागास संमती आहे / नाही. कारणाचा रकाना नको. शाळेला नाही म्हणणं जड जाईल.

खंडेनवमी

ही ओळ घाला, माझी हरकत नाही. नव्वद टक्के पालक 'आहे'वर खूण करतील आणि आरती चालू राहील. फक्त उद्या कुणी 'आमच्या मुलाला चालत नाही म्हणून कुणीच करू नका' म्हणत आलं तर मात्र मी पुन्हा इथेच हजर आहे.

जि.प. मास्तर

मी दिंडी काढणारच. पण आरतीचं म्हणाल तर पाटीपूजनाला आमच्याकडे आरती नसतेच. पोरं आपापल्या पाटीवर फूल वाहतात, ज्याला वाहायचं त्यानं. जो नाही वाहत तो रांगोळीचे रंग वाटत फिरतो. रंगाच्या पुड्या वाटणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, उलट सगळे त्याच्या मागे असतात. शहरातल्या शाळांना एवढंही सुचत नाही का?

नागपूरकर

रंग वाटण्याची युक्ती आवडली मास्तर. आमच्या बाईंना सुचली असती तर!

वकिलीणबाई, तुमची ओळ कायद्यात बसते, पण एक सांगा. 'नाही'वर खूण करणाऱ्यांची यादी शाळेत कुणाकडे राहणार? वर्गशिक्षकाकडे राहिली तर दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला कळेल की ती घरं कुठली. कारणाचा रकाना नसला तरी आडनावाचा असतोच.