मदत हवी आहे: यूकेच्या ऑफर लेटरमधली फी कशी वाचायची? (सोलापूर)

भाचीला यूकेत, लंडनबाहेर, एक वर्षाच्या एमएस्सीची ऑफर आली आहे. फी १८,५०० पौंड, शिष्यवृत्ती ३,०००, कॅसच्या (व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रवेशाच्या पत्राच्या) आधी ४,००० डिपॉझिट. व्हिसासाठी खात्यावर नेमके किती दाखवायचे? मेहुण्यांची ठेव पतसंस्थेत आहे. कमी पडले तर माझे खाते दाखवू का? कर्ज काढायचे तर होटगी रोडचा गुंठेवारीचा प्लॉट चालेल का?

प्रतिसाद १
१८,५०० मधून ३,००० आणि ४,००० वजा केले की उरतात ११,५००. त्यात राहण्याचा खर्च मिळवायचा. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड धरतात, तोही जास्तीत जास्त ९ महिन्यांचा, म्हणजे १०,५३९. एकूण २२,०३९ पौंड.

पण हे सात हजार वजा होतात ते कॅसवर तशी नोंद असेल तरच. कॅस आला की आधी त्या दोन ओळी बघा. नसतील तर अर्ज भरण्याआधी विद्यापीठाकडून दुरुस्त करून घ्या.

रक्कम सलग २८ दिवस हलवायची नाही. एक दिवस जरी खाली गेली तरी नकार येतो. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत हवी. पौंडाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, त्यामुळे काठोकाठ ठेवू नका, लाखभर रुपये जास्तच असू द्या.

प्रतिसाद २
मामा, तुमचे पैसे चालतील, खाते चालणार नाही! खाते विद्यार्थ्याचे किंवा आईवडिलांचेच लागते. २८ दिवस मोजायला लागण्याआधी रक्कम त्यांच्याकडे वळवा. आईवडिलांचे खाते दाखवणार असाल तर त्यांचे संमतीपत्र आणि भाचीचा जन्मदाखला जोडायचा. दाखला नुसत्या मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या.

पतसंस्थेची ठेव धरत नाहीत, कारण तिच्यावर आरबीआयची देखरेख नसते. ती मोडून बँकेत आणा. शेअर्स आणि विम्याची पॉलिसीही मोजत नाहीत.

फीपत्रात न दिसणारा एक खर्च: आरोग्य अधिभार, वर्षाला ७७६ पौंड. व्हिसा साधारण १६ महिन्यांचा मिळतो, म्हणून दीड वर्षाचे धरून १,१६४ होतात, आणि ते अर्जासोबतच भरायचे असतात.

प्रतिसाद ३
गुंठेवारीच्या प्लॉटला नियमितीकरणाचा कागद नसेल तर बँक सहसा हात लावत नाही. सातबाऱ्यावरच्या शेतजमिनीचेही तेच. एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा फ्लॅट असेल तर बोलणे पुढे सरकते. शिक्षण कर्जाचे मंजुरीपत्र असेल तर त्या रकमेला २८ दिवसांची अट नाही, फक्त पत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवे.

पैसे पाठवताना बँकेच्या ए२ फॉर्मवर (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) कारण ‘शिक्षण’ असेच लिहा. एका पॅनवर आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर) नाही, आणि शिक्षण कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तर मुळीच नाही. कारण ‘भेट’ पडले तर १० लाखांवरच्या रकमेला २० टक्के कापतात. रिटर्न भरल्यावर ते वळते होतात, पण तोवर पैसे अडकतात.

डिपॉझिट थेट विद्यापीठाच्या खात्यावर भरा, एजंटच्या नको. आणि व्हिसा नाकारला तर किती परत मिळते, ते ऑफरच्या अटींत भरण्याआधीच वाचा.