जपानी चहाविधी शिकायचा आहे; शाळा, गुरू आणि साहित्य यांविषयी सल्ला हवा

नमस्कार. नोकरीनिमित्त मी गेल्या एप्रिलपासून तोक्योत राहते आणि अजून किमान तीन वर्षे येथेच असेन. जपानीची एन-४ परीक्षा पुण्यात असतानाच उत्तीर्ण झाले आहे, त्यामुळे बोलणे कामापुरते जमते. मागच्या महिन्यात शेजारच्या आजींनी मला त्यांच्या घरी माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा घुसळलेला चहा, प्यायला बोलावले. त्यांनी रेशमी फडक्याची घडी घालून चहाची डबी पुसली, ते पाहताना मी बोलणेच विसरले, आणि तेव्हापासून हे रीतसर शिकावे असे मनात आहे. उरासेन्के आणि ओमोतेसेन्के यांपैकी कोणती शाळा निवडावी? माझा उजवा गुडघा दुखतो, त्याचे काय करावे? मी शाकाहारी आहे. त्याची अडचण होईल का? सोबतच पुष्परचना आणि सुलेखनही सुरू करावे, असा विचार आहे. पुण्यास परतल्यावर हे पुढे चालू ठेवता येते का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

मी क्योतोत नऊ वर्षे शिकत आहे, म्हणजे या विद्येत अजून बालवर्गातच आहे, हे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

शाळेचा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात, पण खरे तर तो शेवटी यावा. चहाविधीला आजचे वळण देणारे गुरू सेन नो रिक्यू १५९१ साली वारले. त्यांचा नातू सोतान याच्या तीन मुलांपासून उरासेन्के, ओमोतेसेन्के आणि मुशाकोजीसेन्के ही तीन घराणी निघाली, आणि तिन्ही आजही क्योतोतच आहेत. उरासेन्केत पातळ चहा भरपूर फेस येईपर्यंत घुसळतात, ओमोतेसेन्केत फेस बेताचा ठेवतात. चालण्याबसण्यात आणि रुमाल हाताळण्यातही असे बारीक भेद आहेत. नवख्याने त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. मात्र एकदा हाताला एका घराण्याचे वळण लागले की ते मोडणे फार जड जाते. आपल्याकडे गाणे शिकणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. म्हणून दर आठवड्याला न थकता जिच्याकडे जाता येईल अशी शिक्षिका शोधा आणि तिचे घराणे ते आपले घराणे समजा.

शोध त्या आजींपासूनच सुरू करा. येथे ओळखीतून गेलेल्या शिष्याचे स्वागत निराळे होते. ओळख निघाली नाही, तर आपल्या वॉर्डातील सार्वजनिक सभागृहात चालणारी मंडळे पाहा. ती स्वस्त असतात आणि तेथील वडीलधारी माणसे हौसेने शिकवतात. प्रवेश घेण्यापूर्वी एक पाठ नुसता बसून पाहण्याची परवानगी मागा. पैशांचे मात्र स्पष्ट विचारून घ्या, कारण मासिक शुल्काखेरीज कोळसा आणि मिठाईचा वाटा, नववर्षाच्या पहिल्या चहाचा खर्च आणि पुढच्या पायऱ्या शिकण्याच्या अनुमतिपत्रांचे शुल्क हे सगळे वेगवेगळे असू शकते, आणि आपण विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही.

पहिले काही आठवडे कदाचित चहा करायलाच मिळणार नाही. त्याला वारीगेइको म्हणतात: फुकुसा, म्हणजे तो रेशमी रुमाल, दुमडणे, डबी पुसणे, बांबूची चमची पुसणे, ताटामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, पाऊल टाकणे, दार सरकवणे. वहीत टिपणे घेण्याचा मोह आवरा. बऱ्याच शिक्षिकांना ते आवडत नाही, आणि हाताने लक्षात ठेवायची गोष्ट कागदावर गेली की हात आळशी होतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

गुडघ्याबद्दल पहिल्याच दिवशी सांगून टाका. सेइझा म्हणजे जवळजवळ आपले वज्रासन. पण आपण वज्रासनात पाच मिनिटे बसतो आणि येथे तास जातो. टेबल-स्टुलावर बसून करायचा ऱ्यूरेइ हा प्रकार उरासेन्केच्या अकराव्या प्रमुखांनी १८७२ च्या क्योतो प्रदर्शनासाठी परदेशी पाहुण्यांचा विचार करून बसवला होता, त्यामुळे खुर्चीवर बसण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. आजींना शनिवारी विचारते. आहार आणि फुले यांविषयी कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद २

मिठाईची बहुधा काळजी नाही. ती प्रामुख्याने घेवड्याच्या जातीच्या दाण्यांचे गोड पुरण, तांदळाचे पीठ आणि समुद्रशैवालापासून केलेले कांतेन यांची असते. अंडे काही प्रकारांत असते, तेवढे विचारून घ्यावे. अडचण काइसेकीची, म्हणजे मोठ्या समारंभात चहाआधी वाढतात त्या जेवणाची आहे, कारण दिसायला निव्वळ भाजी असलेल्या पदार्थातही सुकवलेल्या माशाचे पाणी असते. आपला आहार निमंत्रण स्वीकारतानाच सांगावा. चहाघरात बसल्यावर सांगणे यजमानाची पंचाईत करणारे ठरते, कारण तोवर त्याचा सगळा बेत झालेला असतो.

पुष्परचना आणि सुलेखन एकदम सुरू करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. चहाघरातील फुले, म्हणजे चाबाना, इकेबानाच्या, म्हणजे पुष्परचनेच्या, वर्गात शिकवतात त्यापेक्षा वेगळी. रानात असतात तशी ठेवा, एवढाच रिक्यूंचा दंडक सांगतात. इकेबानात कमावलेली फांद्यांची रचना तेथे उलट आड येते. पहिल्या वर्षी जोडीला काही हवेच असेल, तर किमोनो नेसायला शिका, ते दर समारंभाला उपयोगी पडेल. सुगंधाची ओळख तर वर्गात आपोआप होते. मे ते ऑक्टोबर निखारे फुरो नावाच्या सुट्या शेगडीत असतात आणि त्यांच्याजवळ चंदनाचे तुकडे ठेवतात. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीतील चूल उघडते, तेव्हा मळलेल्या सुगंधी द्रव्याच्या गोळ्या वापरतात. परक्या देशात, अनोळखी माणसांमध्ये अवघडून बसलेली असताना मला पहिल्यांदा चंदनाचा वास आला, तो दिवस मी विसरलेले नाही.

प्रतिसाद ३

मी परतून पुण्यात स्थायिक झालो आहे, म्हणून फक्त साहित्याबद्दल लिहितो. सुरुवातीला फुकुसा, छोटा पंखा (वारा घेण्यासाठी नव्हे, नमस्काराच्या वेळी गुडघ्यांपुढे ठेवण्यासाठी), मिठाई ठेवण्यासाठी काइशी कागद, मिठाई कापायची काडी आणि स्वच्छ पांढरे मोजे पुरेत. वर्गात अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे, अत्तर लावू नये. चहाचा वाडगा पहिल्या वर्षी मुळीच विकत घेऊ नका. नजर तयार होण्याआधी घेतलेला वाडगा पुढे कपाटातच राहतो. माझे तीन आहेत.

परतण्याचा विचार असेल, तर बोनऱ्याकु ही तबकावरची पद्धत नीट घोटून घ्या. तिला जमिनीतील चूल लागत नाही, एक किटली आणि एक तबक पुरते, त्यामुळे ती सदनिकेतही चालते. चासेन, म्हणजे बांबूची रवी, नारा प्रांतातील ताकायामा गावची घ्यावी आणि आपल्या पावसाळ्यात ती डबीत बंद करू नये, बुरशी धरते. माच्चाचा डबा लहानच घ्यावा, कारण एकदा उघडला की काही आठवड्यांत त्याचा हिरवेपणा आणि वास दोन्ही उतरतात.

सुट्टीत ओकायामाला अवश्य जा. सिंहगड रस्त्यावरचे आपले पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केले, ती तेथेच आहे आणि तिच्यात चहाचा मळाही आहे. चीनहून चहा आणणारे एइसाई हे भिक्षूही मूळचे त्याच भागातले. जवळच बिझेनची झिलई नसलेली मातीची भांडी मिळतात. त्यांपैकी फुलदाणी घ्यायला हरकत नाही. वाडग्याविषयी मात्र वर लिहिले आहे तेच.